दोरी रुळते आहे

आपल्याकडे सापाशी माणसाचे दोनच व्यवहार ठरलेले. एक तर वारुळापाशी दूध ठेवायचं, नाही तर काठी शोधायची. दूध सापाला पचत नाही, तरी ठेवायचं. आणि काठी उचलण्याआधी तो विषारी की बिनविषारी हे पाहायला कुणाला सवड नसते. साप घरात आणायचा, त्याची पेटी उबदार करायची आणि तो जेवला नाही म्हणून घरातल्यांनी रात्रभर जागायचं, हा तिसरा व्यवहार मी पन्नाशी उलटल्यावर पाहिला, तोही इंग्लंडात.

२०२३ च्या शरदात मी लेस्टरला भाचीकडे तीन महिने होतो. कोकणातली आमच्यासारखी बरीच मुसलमान घरं इंग्लंडात स्थिरावली आहेत. घरात कोकणी, दारात इंग्रजी, असा त्यांचा कारभार. भाचीचा मुलगा पंधरा वर्षांचा. मला तो नाना म्हणतो. त्याला बोआ हवा होता. बोआ म्हणजे मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत आढळणारा, बिनविषारी, भक्ष्याला वेटोळ्यात आवळून मारणारा साप. आपण अशा कुठल्याही सापाला अजगर म्हणून मोकळे होतो, पण अजगराची मादी अंडी घालते आणि बोआची मादी जिवंत पिल्लांना जन्म देते. घरात पाळला जातो तो बोआ पूर्ण वाढला की साधारण पाच ते आठ फुटांचा होतो. तिथल्या कायद्यानं त्याला परवाना लागत नाही. मात्र सोळा वर्षांखालच्या मुलाला कुठलाही प्राणी विकता येत नाही. म्हणून सही करायची ती आईनं, आणि आईला तर पालीचीही भीती!

महिनाभर घरात वाद चालला. भाचीनं शेवटी तीन अटी घातल्या. साप नमाजाच्या खोलीपासून दूर राहील. त्याचं खाणं, म्हणजे गोठवलेले उंदीर, घरच्या फ्रीजमध्ये येणार नाहीत. आणि स्वयंपाकघरातल्या तराजूवर साप कधीही वजनाला चढणार नाही. मुलानं वाढदिवसाचे पैसे घालून एक जुना छोटा फ्रीजर आणि एक वेगळा तराजू आणला. अटी संपल्या, भीती तशीच राहिली.

पिल्लू देणारे गृहस्थ घरीच बोआंची पैदास करतात. त्यांचं वागणं मला आपल्याकडच्या मुलीच्या बापासारखं वाटलं. पैसे घ्यायची त्यांना घाई नव्हती. आधी रिकामी पेटी आठवडाभर चालवून दाखवा, म्हणाले. काचेच्या सरकत्या दाराची लाकडी पेटी. तिच्या एका टोकाला एकतीस-बत्तीस अंश उष्णता, दुसऱ्या टोकाला पंचवीस-सव्वीस. सापाचं रक्त स्वतः तापत नाही. त्याला ऊब हवी असेल तर तो उबेपाशी जातो, नको असेल तर सरकतो. म्हणून पेटीत दोन्ही हवामानं हवीत आणि दोन्हीकडे लपायला एकेक अंधारी जागा हवी. एकच जागा दिली तर पिल्लाला ऊब आणि आडोसा यांतून एक निवडावं लागतं. भेदरलेलं पिल्लू आडोसा निवडतं, गारठतं आणि गारठलेल्या पोटात अन्न पचत नाही. हे मला त्या मुलानं समजावलं. आठवडाभर तो दिवसातून चार वेळा थर्मामीटर वाचून वहीत आकडे लिहीत होता. बाहेर पाऊस आणि पाच-सहा अंशांची थंडी, आणि आमच्या घरातली सर्वांत उबदार जागा एका न आलेल्या पाहुण्यासाठी राखलेली.

पिल्लू आलं ते कापडी पिशवीतून. पाच महिन्यांचं, हातभर लांब, अंगठ्याएवढं जाड. पाठीवर तपकिरी खोगिरांची रांग, ती शेपटीकडे विटकरी होत गेलेली. सोबत एक कार्ड होतं : जन्मतारीख, कात कधी कधी टाकली, काय खाल्लं, कधी नाकारलं. मुलानं नाव ठेवलं दोरी. अंधारात दोरी पाहून साप समजण्याचा वेदान्तातला दाखला त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याला ती दोरीसारखी दिसली, एवढंच.

आता खरी परीक्षा होती ती मुलाची. पहिला आठवडा हात लावायचा नाही, काच वाजवायची नाही, मित्रांना आणून दाखवायची नाही, असं त्या गृहस्थांनी बजावलं होतं. पाणी बदलायचं आणि निघायचं. महिनाभर आईशी भांडून मिळवलेली वस्तू समोर आहे आणि तिला स्पर्श करायचा नाही! तो दाराशी जमिनीवर बसून गृहपाठ करायचा. पेटीत काही हललं तर पेन थांबायचं.

दोरी दिवसा दिसायचीच नाही. रात्री दिवे मालवले की बाहेर यायची, काचेच्या कडेनं नाक घासत फेऱ्या मारायची, फांदीवर चढायची. कुणी जवळ गेलं की अंगाचा इंग्रजी एससारखा आकार करून फुत्कारायची. भाची म्हणाली, ‘मामू, रागीट आहे हो ही.’ मुलगा म्हणाला, ‘अम्मी, ती रागीट नाही, लहान आहे.’ हे उत्तर मला फार आवडलं. जंगलात बोआच्या एवढ्याशा पिल्लाला शिकारी पक्षी खातात, रानमांजरं खातात, मोठे साप खातात. वरून येणारी प्रत्येक सावली त्याच्या दृष्टीनं मरण असते, आणि आपला हात नेमका वरून येतो. त्याला बाहेरचे कान नाहीत. जबड्याच्या हाडांतून जमिनीची थरथर त्याला कळते आणि जीभ बाहेर काढून तो हवेतला वास टिपतो. आपण प्रेमानं काय बोललो त्याचा अर्थ त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पोचते ती आपली पावलं, आपली ऊब आणि हाताला राहिलेला वास.

सातव्या दिवशी पहिलं जेवण. गोठवलेलं उंदराचं पिल्लू कोमट पाण्यात ठेवून ऊनसर केलं, लांब चिमट्यात धरलं. दोरीनं तोंड फिरवलं. रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी ते तिथंच होतं. मुलगा शाळेत गेला नाही. नव्या जागेत पिल्लं एक-दोन जेवणं सोडतात, निरोगी साप आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतो, हे त्याला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं. मी त्याला आपल्या घरी नव्या सुना पहिले दिवस कशा जेवत नाहीत ते सांगितलं. तो हसला नाही.

चौदाव्या दिवशी, रात्री अकरा वाजता, सगळे दिवे बंद करून त्यानं पुन्हा चिमटा पुढे केला. लपण्यातून डोकं बाहेर आलं. जीभ दोनदा लवलवली. मग काय झालं ते मला दिसलंच नाही. दिसलं ते एवढंच, की उंदीर वेटोळ्यात आहे. आपण समजतो की हे साप भक्ष्याचा श्वास कोंडतात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवर मोजमापं घेऊन दाखवलं, की वेटोळ्याचा दाब रक्ताभिसरण थांबवतो आणि ते काही सेकंदांतच. त्याआधी २०१२ मध्ये त्यांनाच असंही आढळलं होतं, की आवळलेल्या भक्ष्याच्या हृदयाचे ठोके बोआला अंगावर जाणवतात आणि ते थांबेपर्यंत तो आवळत राहतो. हृदयाचे ठोके या शब्दांवर आम्ही कवींनी इतकी कागदं खर्ची घातली आहेत, पण ते इतके नेमके ऐकणारा मला दुसरा कुणी माहीत नाही. इथं तर उंदीर आधीच मेलेला होता, तरी दोरीनं त्याला बराच वेळ धरून ठेवलं. मग डोक्याकडून गिळायला लागली. दाराशी भाची उभी होती. कधी येऊन उभी राहिली कुणाला कळलं नाही.

जेवणानंतर किमान दोन दिवस हात लावायचा नाही, हा नियम. दुसऱ्याच दिवशी पाहुणे आले. मुलगा फुटबॉलला गेलेला. पाहुण्यांपैकी एका हौशी माणसानं पेटी उघडली, दोरीला उचलली, गळ्यात घालून फोटो काढला. संध्याकाळी तिनं अर्धवट पचलेला उंदीर ओकून टाकला.

कुत्र्या-मांजरानं ओकणं आणि बोआच्या पिल्लानं ओकणं यांत फरक आहे. अन्नाबरोबर पोटातले पाचक रस बाहेर पडतात, अन्ननलिका पोळते. लगेच पुन्हा खायला घातलं तर पुन्हा ओकतं, आणि असं दोन-तीनदा झालं तर पिल्लू दगावतं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस उपास आणि पूर्ण शांतता सांगितली. मुलगा एका शब्दानं बोलला नाही. भाची मात्र बोलली. फोनवर, पाहुण्याशी, दहा मिनिटं, अस्सल रत्नागिरीच्या कोकणीत. ते शब्द इथं सांगण्याजोगे नाहीत. दुसऱ्या दिवशी तिनं पेटीला छोटं कुलूप आणलं आणि किल्ली घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात घातली.

त्या पंधरा दिवसांत गावाहून एका ओळखीच्याचा फोन आला. कुठून तरी त्याला सापाचं कळलं होतं. ‘तिकडं मांडूळ पाळतात म्हणे, केवढ्याला जातं?’ मला राग आला, पण प्रश्न अगदी आडरानातला नव्हता. आपलं मांडूळ हे बोआचं जवळचं नातेवाईकच. तेही बिनविषारी, तेही पिल्लांना जन्म देणारं. शेतातल्या भुसभुशीत मातीत राहतं, उंदीर खातं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. डिवचलं तर डोकं वेटोळ्याखाली लपवतं आणि बोथट शेपूट पुढे करतं. या बचावाच्या युक्तीवर आपण दुतोंड्याची दंतकथा रचली, आणि तिच्यावर गुप्तधनाची, वजनावर लाखोंच्या भावाची. त्या पायी मांडुळं पोत्यात भरून, गाडीच्या डिकीत कोंबून फिरवली जातात आणि गिऱ्हाईक सापडेपर्यंत मरतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. मांडूळ पकडणं, बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे. परदेशी बोआ आपल्याकडे कुणी पाळला असेल, तर २०२२ ची कायद्यातली दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांप्रमाणे त्याचीही सरकारदरबारी नोंद करावी लागते. आणि एक व्यवहाराची गोष्ट : मांडुळाचा भाऊबंद डुरक्या घोणस आणि खरी विषारी घोणस अंगावरच्या नक्षीमुळे सहज सारखे वाटतात. अजगराचं पिल्लू समजून घोणस हातात घेणारे लोक आहेत. तेव्हा ओळख पटो न पटो, हात लांब ठेवावा.

दोरी वाचली. सोळाव्या दिवशी अगदी लहानसा उंदीर दिला, तो टिकला. पुढे डोळे दुधाळ निळे झाले, तेव्हा भाचीला वाटलं आंधळी झाली. ती कात टाकायची तयारी होती. त्या दिवसांत सापाला नीट दिसत नाही, म्हणून तो जास्त बिथरतो, जास्त लपतो. हवेत ओल कमी असेल तर कात तुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरचं पटल अडकून राहतं. दोरीची कात अखंड निघाली, मोज्यासारखी उलटी. मुलानं ती पट्टीनं मोजली. त्या कातीत शेपटीच्या मुळाशी दोन बारीक नख्यांचे ठसे होते. बोआच्या पूर्वजांना पाय होते, त्यांचं एवढंच उरलं आहे. मी चष्मा लावून ते पुन्हा पुन्हा पाहिले.

हाताळायला त्यानं हळूहळू सुरुवात केली. आधी एका आकड्यानं अंगाला हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे हे जेवण नव्हे, हे तिला समजावं. मग मधोमध खालून आधार देऊन उचलायचं. पाच मिनिटं, आठवड्यातून दोनदा. फुत्कार कमी झाले. मनगटाला विळखा घालून ती बसून राहायची. मुलगा म्हणायचा, ‘नाना, ती प्रेम करत नाही. आता मला झाड समजते.’ आणि त्यात त्याला आनंद होता.

फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात पोपाय नावाचा एक बोआ चाळीस वर्षांहून जास्त जगला, १९७७ मध्ये मेला. घरातले बोआ वीस-तीस वर्षं सहज जगतात. मुलगा लवकरच विद्यापीठात जाईल, मग नोकरी, मग लग्न. भाड्याच्या खोलीत साप चालत नाही. हा हिशेब सही करताना कुणी केला नव्हता. अलीकडे फोनवर मी भाचीला तो विचारला. दोरी आता चार फुटांच्या आसपास आहे, पेटी बदलली आहे. पाणी आणि तापमान रोज भाचीच पाहते, किल्ली तिच्याचकडे असते.

‘घेतेस का मग हातावर?’ मी विचारलं.

‘नाही मामू. ती आली नाही, मीही बोलावलेली नाही. पण शनिवारी उंदीर बाहेर काढून ठेवायचा असतो, तो मीच काढते.’