घागरीचा हिशेब



मी ज्या तालुक्याच्या गावी वाढलो, तेथे नळाला पाणी पहाटे साडेतीनला येई. आमची आई तीनलाच उठून बसायची. हंडे, कळश्या, पिंप, पातेली, घरात असेल नसेल ते भांडे भरायचे. आणि दुसऱ्या पहाटे नवे पाणी आले की उरलेले 'शिळे' म्हणून मोरीत ओतायचे. पालिका म्हणे, "पाणी कमी आहे." आम्ही म्हणत असू, "पालिकाच कामाची नाही." पण असलेले पाणी जाते कुठे, हे तिनेही शोधले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आज त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयीच बोलायचे आहे.

नव्या यंत्रांनी शहरांचा कारभार सुधारतो आणि पैसाही वाचतो, असे आपण हल्ली पुष्कळ ऐकतो. यंत्र म्हटले की संगणक, मोबाइल, पडद्यावरचे नकाशे डोळ्यांपुढे येतात. पण पालिकेचा फार मोठा पैसा वाचवणारे एक यंत्र तळहातावर मावेल एवढे आहे. ते म्हणजे पाण्याचा मीटर. त्याने काय होते हे पाहायला मी तुम्हांला कंबोडिया देशात नेतो.

अंगकोरच्या मंदिरांमुळे हा देश आपल्याला ऐकून माहीत आहे. नॉम पेन ही त्याची राजधानी. 1975 साली ख्मेर रूज राजवटीने हे शहर अक्षरशः रिकामे केले. लाखो माणसे मेली. त्यांत पाणीखात्यातली जाणती माणसेही गेली. लोक परत आले तेव्हा कोणती नळी कोठून जाते, हे सांगणारे फारसे कोणी उरले नव्हते. 1993 साली तेथे पाणी दिवसाचे दहा तास मिळे, तेही शहरातल्या थोड्या लोकांना. शुद्ध केलेल्या दर शंभर घागरींपैकी बहात्तर घागरींचा पैसा मिळत नव्हता. काही पाणी फुटक्या नळांतून जमिनीत मुरे, काही चोरीला जाई, काही फुकट वाटले जाई. गरिबांच्या वस्तीत नळ नव्हता. त्यांना फेरीवाल्याकडून कितीतरी चढ्या भावाने पाणी घ्यावे लागे. म्हणजे श्रीमंताच्या फुकट पाण्याची किंमत गरीब मोजत होता!

त्या वर्षी एका अभियंत्याकडे हे खाते आले. त्यांचे नाव एक सॉन चान. यातले 'एक' हे त्यांचे आडनाव बरं का, आपला आकडा नव्हे. त्यांनी आधी घरोघर माणसे पाठवून खरे ग्राहक कोण, हे लिहून काढले. वहीत नावे होती त्यांतली काही घरे जाग्यावर नव्हती, आणि नळ होते त्या कित्येक घरांची नावे वहीत नव्हती. मग बिले संगणकावर घेतली आणि घरोघर मीटर बसवायला सुरुवात केली.

हे सोपे नव्हते. एका बड्या सेनाधिकाऱ्याच्या दारी मीटर बसवायला गेले, तेव्हा त्याने सॉन चान यांच्यावर पिस्तूल रोखले. ते परतले, सशस्त्र बंदोबस्त घेऊन पुन्हा आले आणि त्याचा नळ तोडला. खात्यातलेच लोक चोरून जोडण्या देत, त्यांनाही त्यांनी सोडले नाही. श्रोतेहो, मीटर गरीब-श्रीमंत ओळखत नाही. पण तो सगळ्यांच्या दारी बसवण्याचे धैर्य मात्र माणसालाच दाखवावे लागते.

आता गळती कशी सापडते, ते पाहू. शहराचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाच्या तोंडाशी एक मोठा मीटर बसवायचा. रात्री दोन-तीन वाजता सारे निजलेले असतात, नळ बंद असतात. तेव्हाही तो मीटर भराभर फिरत असेल, तर पाणी माणूस पीत नाही, जमीन पिते आहे! मग त्याच भागात शोध घ्यायचा. रात्रीच्या शांततेत नळाला कांडी लावून कान दिला, तर गळतीची सूं सूं ऐकू येते. नेमके तेवढेच खणायचे. सबंध रस्ता उकरायला नको.

याचे फळ काय? तीन चतुर्थांशाच्या घरात असलेला तोटा पंधरा-एक वर्षांत सहा टक्क्यांच्या आसपास आला. पाणी चोवीस तास येऊ लागले. गरीब कुटुंबांना जोडणीच्या खर्चात सवलत मिळाली आणि फेरीवाल्याच्या चढ्या भावातून ती सुटली. 2006 साली सॉन चान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपले विनोबाजी 1958 साली ज्याचे मानकरी झाले, तोच हा पुरस्कार.

यात पैसा कोठे वाचला? मुरून गेलेल्या प्रत्येक घागरीत उपशाची वीज असते, तुरटी असते, क्लोरीन असते, माणसाची मजुरी असते. ती घागर वाचली की हे सगळे वाचते, आणि नवे धरण, नवी टाकी लगेच बांधावी लागत नाही. आरोग्याचाही लाभ आहेच. नळ रिकामा झाला की फटींतून बाहेरचे घाण पाणी आत शिरते, आणि कावीळ, विषमज्वर घरात येतात. नळ सतत भरलेला राहिला, तर आतले पाणी बाहेर जाईल, पण बाहेरची घाण सहसा आत येणार नाही.

"हे परदेशात ठीक आहे," असे तुम्ही म्हणाल. मग कराडशेजारचे मलकापूर पाहा. पूर्वी ही ग्रामपंचायतच होती. तेथे घरोघर मीटर बसवून चोवीस तास पाण्याची योजना झाली. हे मीटर दुरून वाचता येतात, आणि जास्त वापरील त्याला दर चढता लागतो. पाणी केव्हाही येणार म्हटल्यावर साठवायचे कशाला, आणि शिळे म्हणून फेकायचे तरी कशाला?

आता माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेतल्या ठिबकणाऱ्या तोटीखाली लिटरचे माप ठेवा आणि ते किती वेळात भरते, हे मुलांना पाहू द्या. तासाला एक लिटर भरले, तर दिवसाला 24 आणि वर्षाला 8760 लिटर होतात. हा गुणाकार मुले विसरणार नाहीत. आणि पंचायतीच्या सभासदांनी वॉलमनला एवढेच सांगावे: एका रात्री टाकीत येणारे पाणी बंद ठेवून गावाकडचा व्हॉल्व्ह उघडा ठेव, निजानीज झाल्यावर पाण्याची पातळी खुणेने टिपून घे आणि पहाटे कोणी उठण्यापूर्वी पुन्हा पाहा. पातळी चांगलीच उतरली असेल, तर गावाच्या पोटात कोठेतरी भोक आहे. याला संगणक लागत नाही, एक काठी आणि एक वही पुरते.

यंत्र हिशेब दाखवते, तो मागायचा आपण. आमच्या आईने शेकडो पहाटे जागून काढल्या, पण तो हिशेब आम्ही कधी मागितला नाही. तुम्ही मात्र येत्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा: "आपण शंभर घागरी उपसतो, त्यांतल्या घरी किती पोहोचतात?"