टॅपेटची पारख

मोटारीचा विषय निघाला कीं आपल्याकडे 'टॅपेटचा आवाज येतोय' हें वाक्य कधीं ना कधीं ऐकूं येतेंच. गॅरेजमधील पोराला तो आवाज डोळे मिटून ओळखतां येतो. परंतु ज्या वस्तूचा तो आवाज, ती वस्तु आहे काय, आणि ती बदलण्याची पाळी आली तर नवी कशी पारखून घ्यावी, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. आज मी उदाहरण घेणार आहें तें अमेरिकेंतील एका ट्रकचें. पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांतील मुलें मिशिगन, टेक्सास अशा ठिकाणीं नोकरीनिमित्त राहतात. जुना पिकअप ट्रक घेऊन सुटीच्या दिवशीं त्याच्या इंजिनाची ताकद वाढविण्याचा तेथील नाद त्यांतल्या कांहींना लागतो, आणि मग हजारों डॉलरांचा प्रश्न येऊन अडतो तो या बोटाएवढ्या वस्तूपाशीं.

इंजिनाच्या पोटांत कॅमशाफ्ट नांवाचा एक दांडा फिरत असतो व त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा वर आला कीं त्यावर टेकलेला टॅपेट उचलला जातो. टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. बंद करण्याचें काम स्प्रिंगचें. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते; म्हणजे इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक टॅपेट सेकंदाला ५० वेळां वर-खालीं होतो. आपल्याकडील जुन्या डिझेल ट्रकांत टॅपेट भरीव असे. धातु तापून वाढतो म्हणून मेकॅनिक फीलर गेज घेऊन थोडी फट मोजून ठेवी. हायड्रॉलिक टॅपेटच्या पोटांत मात्र एक लहान दट्ट्या असतो, इंजिनाचें तेल त्याच्याखालीं भरतें आणि फट आपोआप नाहींशी होते. कॅडिलॅक कंपनीनें १९३० सालच्या आपल्या सोळा सिलिंडरांच्या मोटारींत ही युक्ति वापरली, ती इंजिन निःशब्द चालावें एवढ्यासाठीं. पुढें टॅपेटच्या तळाला रोलर बसला व घासणें कमी झालें.

आतां आपला ट्रक. शेव्हरोलेट सिल्व्हरॅडो या ट्रकाच्या ५.३ लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनांत २००७ सालापासून पेट्रोल वाचविण्याची एक योजना आली. हलक्या ओझ्यानें सपाट रस्त्यावर गाडी चालली असतां १, ४, ६ आणि ७ या क्रमांकांचे सिलिंडर झोपी जातात. त्यासाठीं सोळांपैकीं आठ टॅपेट निराळ्या घडणीचे असतात. त्यांच्या आंत खिट्ट्या असतात. तेलाचा दाब आला कीं खिट्ट्या सरकतात, टॅपेट दुर्बिणीच्या नळ्यांसारखा आंतल्या आंत मिटतो, आणि कॅम फिरत राहिला तरी व्हॉल्व्ह हलत नाहीं. २०१९ सालापासून निघालेल्या नव्या प्रकारच्या इंजिनांत तर सोळाच्या सोळा टॅपेट असे आहेत. कल्पना सुरेख खरी. पण कॅडिलॅकनें १९८१ सालीं अशीच एक योजना दुसऱ्या रचनेनें करून पाहिली होती आणि ती लवकरच बहुतेक गाड्यांतून मागें घ्यावी लागली. या ट्रकांतही खिट्टी अडकणें, पुशरॉड वांकणें, रोलर जाम होऊन कॅमच कुरतडला जाणें, अशा तक्रारी पुष्कळ झाल्या.

इंजिन मूळ अवस्थेंत असेल तर हे टॅपेट पुष्कळदां लाखों मैल निभावतातही. परंतु हौशी मनुष्य काय करतो? जास्त उंचवट्याचा कॅमशाफ्ट घालतो आणि त्याबरोबर जास्त ताठ स्प्रिंगा. व्हॉल्व्ह अधिक उघडतो, अधिक वेगानें मिटतो, आणि तो सगळा भार त्या बारीक खिट्ट्यांवर येतो. म्हणून माझें स्पष्ट मत असें कीं, कॅम बदलावयाचा तर खिट्टीवाले टॅपेट पुन्हां घालूंच नयेत. बाजारांत एक लहानसें यंत्र मिळतें. तें गाडीच्या संगणकाला जोडलें म्हणजे सिलिंडर झोपत नाहींत. तेवढ्यानें काम भागलें असें समजणारे लोक आहेत. पण टॅपेट आंत तेच राहतात, हें त्यांच्या लक्षांत येत नाहीं.

साधे टॅपेट घालावयाचे म्हणजे केवळ टॅपेट बदलून चालत नाहीं. या इंजिनाच्या मूळ कॅमवर झोपणाऱ्या सिलिंडरांचे उंचवटे वेगळ्या घाटाचे असतात, म्हणून कॅम व टॅपेट यांची जोडी एकदमच ठरवावी. मधल्या खोबणींतून त्या टॅपेटांकडे तेल नेणाऱ्या वाटा नव्या झांकणानें बंद कराव्या लागतात. संगणकालाही ही योजना विसरावयास शिकवावें लागतें, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत धुराविषयींचे नियम कडक असल्यानें तें करण्यापूर्वीं कायदा पाहून घ्यावा.

मग टॅपेट कोणता घ्यावा? हौशी मंडळींत सर्वांत रुळलेला आहे तो जनरल मोटर्सचाच, 'एलएस ७' या नांवानें ओळखला जाणारा. २००६ सालच्या कॉर्व्हेट झेड झिरो सिक्स मोटारीच्या ७ लिटर इंजिनावरून तें नांव पडलें. मध्यम कॅम व मध्यम स्प्रिंगा असतील तर मी दुसरें कांहीं शोधणार नाहीं. त्याला इंजिनांतील प्लॅस्टिकच्या तबकड्या सरळ धरून ठेवतात. एका तबकडींत चार टॅपेट, अशा चार तबकड्या. तबकडी जुनी होऊन झिजली कीं टॅपेट स्वतःभोंवतीं फिरतो, रोलर आडवा होतो, आणि कॅमचा निकाल लागतो. तेव्हां टॅपेट नवे आणि तबकड्या जुन्या ही काटकसर मूर्खपणाची.

मॉरेल, जॉन्सन यांसारख्या कारखान्यांचे टॅपेट याहून महाग असतात. दोन टॅपेट लोखंडी पट्टीनें एकमेकांस जखडलेले, असा प्रकारही मिळतो. त्याला प्लॅस्टिकच्या तबकडीची गरजच नसते. इंजिन वारंवार उंच फेऱ्यांवर पळवावयाचें असेल, स्प्रिंगा फार ताठ असतील, तर तो पैसा वाजवी आहे. पण ट्रकानें आठवड्यांतून एकदां नौका ओढावयाची आणि एरवीं भाजी आणावयाची, तर त्याला शर्यतीच्या घोड्याचे नाल ठोकण्यांत काय अर्थ? खोक्यावरील नांवाची मात्र काळजी घ्यावी. फार स्वस्त दिसणारें नामांकित खोकें बनावट निघूं शकतें. म्हणून कंपनीच्या अधिकृत दुकानाकडूनच, मोहोरबंद, सोळांचा पूर्ण संच घ्यावा.

पुशरॉडच्या लांबीकडे सर्वांचें दुर्लक्ष होतें. मूळची लांबी सुमारें ७.४ इंच. कॅम बदलला, हेड घासून घेतलें, कीं तीच लांबी बरोबर बसेल असें नाहीं. कमी-जास्त करतां येणाऱ्या मापाच्या पुशरॉडनें प्रथम फट शून्य करावी व त्यावर टॅपेटच्या कारखान्यानें सांगितलेला दाब द्यावा. या जातींत तो बहुधा एक ते दोन मिलिमीटर असतो. लांबी जास्त झाली तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाहीं व जळतो. कमी झाली तर खडखडाट.

जुना टॅपेट कां बिघडला हें कळल्याखेरीज नवा घालणें व्यर्थ आहे. या इंजिनांत तेलाचा पंप ज्या नळीनें तेल ओढतो तिच्या तोंडाशीं एक रबरी कडी असते. ती कडक होऊन चिरली कीं पंप तेलाबरोबर हवाही ओढतो, आणि हवा भरलेला टॅपेट आवाज करणारच. हेडें उतरविल्याशिवाय या इंजिनांतले टॅपेट निघत नाहींत, व उतरविलीं कीं गॅस्केट आणि हेडचे मूळचे बोल्ट नवे घ्यावे लागतात. एवढा खटाटोप करून ती कडी तशीच ठेवली, तर नवे टॅपेटही महिन्याभरांत खडखडूं लागतील.

सर्व जुळवून झालें कीं पहिल्यांदा ठिणगी बंद ठेवून इंजिन फिरवावें, तेलाचा दाब कांट्यावर दिसूं द्यावा, आणि मगच सुरू करावें. पहिले कांहीं क्षण खडखड झाली तर घाबरूं नये. टॅपेटांत तेल भरावयास तेवढा वेळ लागतो. पांचशें मैलांनीं तेल बदलावें, जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडाव्या, आणि त्यांत चकाकणारा पोलादाचा कण दिसतो काय तें उजेडांत धरून पाहावें. दिसला तर ट्रक पुढें न हांकतां झांकण पुन्हां उघडावें.