मूल दगावते ते रोगाने की उशिराने?

(पाटन, जिल्हा जबलपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या कौटुंबिक मेळाव्यात युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



महागाई भत्ता, पेन्शन आणि रिक्त जागा यांवर माझ्या आधीच्या वक्त्यांनी सविस्तर सांगितले आहे. मी लहान मुलांच्या मृत्यूबद्दल बोलणार आहे. हा विषय डॉक्टरांचा, युनियनचा नव्हे, असे कोणाला वाटेल. तो आपला कसा आहे तेच मला सांगायचे आहे.

आधी आकडे पाहू. १९९० साली जगात पाच वर्षांच्या आतील सुमारे सव्वा कोटी मुले दगावली. २०२२ साली हा आकडा ४९ लाखांवर आला. सुधारणा मोठी आहे, पण ४९ लाख म्हणजे रोजची तेरा हजारांवर मुले. त्यातील बहुतेक आफ्रिकेतील आणि आपल्या दक्षिण आशियातील. जवळजवळ निम्मी तर जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आतच गेली.

आता आपला देश घ्या. २०२० सालच्या सरकारी नमुना नोंदणीप्रमाणे हजार जन्मांमागे एक वर्षाच्या आत केरळात ६, महाराष्ट्रात १६ आणि आपण राहतो त्या मध्य प्रदेशात ४३ बालके दगावली. पोस्टाचे तिकीट केरळात आणि इथे एकाच किमतीला मिळते. मुलाच्या जिवाला मात्र इथे सातपट धोका! हा फरक देवाने केलेला नाही.

मुले मरतात कशाने? दिवस भरण्याआधीचा जन्म, जन्मताना श्वास गुदमरणे, जंतुदोष, न्यूमोनिया, जुलाब, हिवताप. आणि या सगळ्यांच्या पाठीशी कुपोषण. यातील बहुतेकांवर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. अडते ते वेळेवर पोहोचण्यात.

१९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले. पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपे भरून ठेवली आणि नातेवाइकांनाच ते पाणी पाजायला सांगितले. शंभरात तीसच्या आसपास माणसे मरत होती, ती तीन-चारवर आली. ज्याला आपण ओआरएस म्हणतो तो हाच उपाय. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जुलाब लागले म्हणून अंगावरचे दूध तोडू नका. डॉक्टरांना विचारून झिंकच्या गोळ्याही द्या.

अकोला-खंडवा मीटरगेजवर ज्यांनी ड्युटी केली, त्यांना धूळघाट, वान रोड ही स्टेशने आठवत असतील. तो मेळघाटचा मुलूख. १९९३ साली तेथील बालमृत्यू वर्तमानपत्रांत गाजले आणि प्रकरण हायकोर्टात गेले. कोर्टाने सरकारला पुन्हा पुन्हा जाब विचारला. पण हुकूम निघाला म्हणून औषध पाड्यावर पोहोचते असे नाही.

ते पोहोचवता येते हे गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, श्वास अडला तर पंपाने हवा देणे, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणे, एवढे काम. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात ते छापून आले. पुढे २०११ साली केंद्र सरकारने आशा कार्यकर्तीकडून घरोघरी नवजात बाळाची तपासणी सुरू केली.

बंधूंनो, शेवटच्या घरापर्यंत पोहोचवणे हाच तर आपला धंदा! टपालवाला भर पावसात एका मनीऑर्डरसाठी वाडीवर जातो. गँगमन रात्री रूळ तपासतो म्हणून गाडी पोहोचते. मग आपल्या शेजारच्या झोपडीत ओआरएसची पुडी का पोहोचू नये?

आता आपल्या घरातले बोलतो. आपल्या कायम भगिनींना १८० दिवसांची प्रसूती रजा आहे, रेल्वे हॉस्पिटल आहे. त्याच फलाटावर झाडू मारणारी ठेकेदाराची कामगार भगिनी आठव्या महिन्यापर्यंत वाकून काम करते. बाळ वेळेआधी आणि कमी वजनाचे जन्मले, तर दोष कोणाचा? १९२८ साली मुंबई कायदे मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभाच्या बिलाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा भार सरकारने उचलावा, असे त्यांनी बजावले. १९२९ साली मुंबई इलाख्याचा कायदा झाला, १९६१ साली देशाचा, आणि २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली. आता नवी सामाजिक सुरक्षा संहिता आली तरी पहिल्या दोन मुलांसाठी हा हक्क तसाच आहे. मात्र आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलेले हवे. ठेकेदाराच्या हजेरीपटावर नावच नसेल तर हक्क कागदावरच राहील.

म्हणून प्रत्येक शाखेने तीन कामे करावीत. एक, ठेका कामगार भगिनींची हजेरी आणि वेतनचिठ्ठी युनियनने तपासावी, आणि प्रसूती रजेचा प्रश्न बोनसइतक्याच जोराने मांडावा. दोन, वस्तीत बाळंतपण झाले की आशाताईंना कळवावे. दवाखान्यातले बाळंतपण असेल तर ४२ दिवसांत त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या आहेत, त्या होतात का ते पाहावे. तीन, धोक्याची खूण प्रत्येक घरात माहीत असावी. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास, पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस असला, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असली, तर सकाळची वाट पाहू नका. पाटनहून जबलपूर सुमारे तीस किलोमीटर आहे. रात्री गाडी कोणाची मिळेल, पैसे कोण देईल, हे शाखेने आजच ठरवून ठेवावे.

पगारवाढीसाठी आपण लढतो ती मुलांसाठीच. ज्यांच्या आयांना पगारी रजाही नाही, त्यांची मुलेही आपलीच माना, एवढीच माझी विनंती आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!