परिसर हीच प्रयोगशाळा

(दिघी येथे पालक आणि शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पर्यावरण हा विषय आज प्रत्येक शाळेत शिकवला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली आणि पुन्हा डिसेंबर २००३ मध्ये दिलेल्या आदेशांमुळे तो अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग झाला. म्हणजे आज तिशीच्या आतबाहेर असलेली एक संपूर्ण पिढी हा विषय शिकून, त्याची परीक्षा देऊन बाहेर पडली आहे. याच काळात आपल्या शेजारून वाहणाऱ्या इंद्रायणीचे काय झाले, हे आपण सर्व जाणतो. आळंदीच्या घाटावर पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगताना अलीकडच्या वर्षांत आपण अनेकदा पाहिले. 'जलप्रदूषणाची कारणे लिहा' या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला घाटावर उभे करून 'हा फेस कशाचा?' असे विचारले, तर तो निरुत्तर होतो. शिक्षण झाले, परिचय झाला नाही.

हा परिचय कसा घडवावा, आणि तो सहावी ते आठवीच्या वयातच का घडवावा, एवढ्याच विषयावर आज मी बोलणार आहे.

हेच वय का?

अकरा ते चौदा हे वय मोठे विलक्षण असते. पाय चालायला तयार असतात, हात काम मागत असतात आणि मन 'काय' या प्रश्नावरून 'का' या प्रश्नाकडे वळू लागलेले असते. शालान्त परीक्षेचा धाक अजून दूर असतो. नेमक्या याच वयात आपण मुलांना शाळा, शिकवणी आणि मोबाइल या तीन खोल्यांत कोंडतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये याच वर्गांसाठी एक उत्तम तरतूद आहे. सहावी ते आठवीच्या काळात विद्यार्थ्यांचे दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या दिवसांत त्यांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे जाऊन शिकावे, असे त्यात म्हटले आहे. २०२४ साली केंद्र सरकारने यासाठी मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या. परंतु तरतूद कागदावर असणे आणि तिचे सोने करणे यांत अंतर आहे. सलग दहा दिवस उरकून टाकले, एक सहल, एक चित्रकला स्पर्धा आणि एक वृक्षारोपण केले, की अहवाल पूर्ण होतो. रोप लावतानाचे छायाचित्र निघते. मे महिन्यात त्या रोपाला पाणी कोणी घातले, याची नोंद कोठेही नसते.

माझी सूचना अगदी साधी आहे. जून ते मार्च हे शाळेचे दहा महिने. दप्तराविना दिवसही दहाच. दर महिन्याला एक दिवस, तीच मुले, तीच जागा, तीच मोजमापे आणि एकच वही. निसर्ग एका भेटीत कळत नाही. तो बदलताना पाहावा लागतो. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले. बाराही महिने सृष्टीकडे लक्ष ठेवले, तर केवढे काही दिसते, याचा तो मराठीतील उत्तम दाखला आहे.

दिघीला काय आहे?

'आमच्याकडे जंगल नाही, अभयारण्य नाही. मुलांना न्यायचे कोठे?' असा प्रश्न शिक्षक विचारतात. दिघीच्या एका बाजूला भोसरीची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला आळंदी. माउलींची पालखी पुण्याकडे जाते ती याच रस्त्याने. दत्तगडाची टेकडी गावाला लागून आहे. तिचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. अशा माळावर कुसळीचे गवत, चंडोल, टिटवी, खाटीक आणि हवेत एका जागी पंख फडफडवत भक्ष्य हेरणारी कापशी घार दिसते. थोडे पुढे गेले की चऱ्होली-आळंदीला इंद्रायणी. एवढी सामग्री हाताशी असताना आपण मुलांना गवताळ प्रदेशाची माहिती आफ्रिकेच्या चित्रावरून देतो!

आता प्रत्यक्ष काय करायचे, ते सांगतो. खर्च नगण्य आहे.

जूनमध्ये सरळ बाजूंची, सपाट तळाची प्लास्टिकची बाटली वरून कापायची, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यावरच बसवायचा आणि बाजूला मोजपट्टी चिकटवायची. पर्जन्यमापक तयार झाला. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस पडणे म्हणजे एक लिटर पाणी, हे गणित सातवीच्या मुलाला सहज येते. पुणे परिसरात वर्षाला सरासरी सातशे मिलीमीटर पाऊस धरला, तर दोनशे चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावरून १ लाख ४० हजार लिटर पाणी वाहून जाते. हा आकडा मुलाने स्वतः काढला, की पाणी अडवण्यावर वेगळे भाषण द्यावे लागत नाही. मग नकाशा उघडावा. इंद्रायणी जेथे उगम पावते त्या लोणावळा परिसरात चार हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या आकाशात ढग नसतानाही नदीला पूर का येतो, याचे उत्तर मुलांना तेथे सापडते.

जुलैत दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा टेकडीच्या मातीत दोन-तीन इंच रोवायचा, त्यात एक लिटर पाणी ओतायचे आणि ते जिरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. एकदा गवतात, एकदा झाडाखाली, एकदा तुडवलेल्या पायवाटेवर. तीन आकडे शेजारी लिहिले की झाडोरा कशासाठी हवा, हे माती स्वतःच सांगते.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोरीने एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट आखून तिच्यातील वनस्पती मोजाव्यात. ऑक्टोबरमध्ये खडक, मुरूम आणि माती यांची ओळख व्हावी. थंडीत पाहुणे पक्षी, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस-पांगाऱ्याचा फुलोरा आणि पानगळ. चौकट मात्र तीच ठेवावी. सप्टेंबरमधील हिरवी चौकट मार्चमध्ये कशी दिसते, हे मुलांनी पाहिले पाहिजे.

नदीकडे कसे पाहावे?

नदीचा विषय अधिक जबाबदारीचा आहे. येथे मुलांना दोन गोष्टी शिकवायच्या आहेत : कारण शोधणे आणि घाईने दोष न देणे.

शाळेतच दोन बाटल्या घ्याव्यात. एकीत साधे पाणी, दुसरीत तेवढेच पाणी आणि भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब. दोन्ही सारख्या हलवाव्यात. फेस किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून पाहावे. मग मुलांना सांगावे, की सांडपाण्यातील अशी साबणद्रव्ये पात्रात आली आणि बंधाऱ्यावरून पाणी आदळले, की हेच मोठ्या प्रमाणावर घडते. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद हे जलपर्णीचे खाद्य आहे. सांडपाण्यातील घाण कुजताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. पंचवीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात हा प्राणवायू लिटरमागे जेमतेम आठ मिलीग्रॅम असतो. तो संपला की मासे गुदमरतात.

देहू-आळंदीच्या डोहांतील मासे भाविकांनी देवाचे म्हणून पिढ्यानपिढ्या राखले. महसीर हा त्यांतलाच एक. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या महसीरचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून. आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेने कोळ्याचे जाळे थांबवले, ही लहान गोष्ट नाही. पण मोरीतून वाहत येणारे साबणाचे पाणी थांबवायचे, तर त्या श्रद्धेला ज्ञानाची आणि नागरी कर्तव्याची जोड द्यावी लागेल. नदीला माता म्हणणाऱ्या समाजाच्या मुलांना मातेची प्रकृती तपासता आली पाहिजे.

आणि हे तपासताना मुलाला कळते, की दोष केवळ कारखान्यांचा नाही. आपल्या घरातील बादलीचाही त्यात वाटा आहे. तसेच केवळ बादलीचा नाही, कारखान्यांचा आणि यंत्रणांचाही आहे. 'नदी घाण झाली' या तक्रारीला वजन नसते. 'अमुक जागी, अमुक तारखांना, सलग दहा महिने आम्ही हे मोजले' या निवेदनाकडे दुर्लक्ष करणे कोणत्याही कार्यालयाला अवघड जाते.

शिक्षक आपल्या घरातच आहेत

आपल्या परिसरातील अनेक कुटुंबे मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून भोसरी-चाकणच्या कारखान्यांसाठी आलेली आहेत. घरातील आजीला पाथरी, घोळ, कुर्डू, टाकळा या भाज्या पानावरून ओळखता येतात. नातवाला यांतले एकही नाव ठाऊक नसते. आजीला वाटते, आपल्याला शाळेतले काही कळत नाही. नातवाला वाटते, आजीला काहीच कळत नाही. एका पिढीत एवढे ज्ञान पुसले जाते आणि त्याची कोठे नोंदही होत नाही. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात नोकरी करताना आदिवासी आणि खेडूतांच्या तोंडचे शब्द आयुष्यभर वेचले, त्यातून 'पक्षिकोशा'सारखे ग्रंथ उभे राहिले. ऑगस्टच्या चौकटीतील वनस्पती ओळखण्यासाठी शाळेने दोन आज्यांना सन्मानाने बोलवावे. त्या दिवशी नातवाच्या नजरेत आजीची उंची वाढेल.

वडिलांचेही तसेच. चाकणच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणी करणारा पालक रोज मोजमाप घेतो, तक्ता भरतो, शंका आली की पुन्हा मोजतो. ही शिस्तच विज्ञानाचा पाया आहे. एखाद्याच्या कारखान्यात सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प असेल, तर त्याचे काम कसे चालते, हे त्याच्याइतके चांगले कोण सांगेल?

हा विचार आपल्याकडे नवा नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यासमोर गुरे राखणारी मुले होती. ती शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली; 'कुरणशाळा' ती हीच. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. आठवड्यातून एक दिवस हातांनी काम करत शिकायचे, ही त्यांची रीत अनेक शाळांनी स्वीकारली. चिंचवडला गिरीश प्रभुणे यांनी २००६ साली सुरू केलेल्या पुनरुत्थान समरसता गुरुकुलम्‌मध्ये पारधी आणि भटक्या-विमुक्त समाजांतील मुले अनुभवातून शिकतात. अशी कामे उभी असताना, 'हे जमेल का?' असे विचारण्याचे कारण उरत नाही.

काळजी आणि शंका

सुरक्षिततेबाबत मात्र तडजोड नको. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. म्हणून पावसाळ्यात नदीकाठी जाणे नाही. इतर वेळीही मुलांनी पाण्यात उतरायचे नाही. दोरीला बांधलेल्या बादलीने पाणी शिक्षकांनी काढावे, हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. दहा मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी. पालकांची लेखी संमती घ्यावी. दिघी परिसरात संरक्षण खात्याच्या जागा आहेत. त्यांच्या हद्दीत पाऊल टाकायचे नाही, हेही नागरिकशास्त्रच आहे.

'अभ्यास बुडेल' ही शंका उरते. सरासरी, क्षेत्रफळ, आलेख, नकाशावाचन, निबंध, निवेदन यांतले काय अभ्यासाबाहेरचे आहे? उलट ज्या मुलाला वर्गात बोट वर करण्याचा धीर होत नाही, तो टेकडीवर सर्वांत आधी घरटे शोधतो. त्यालाही वर्षातून दहा दिवस पहिला येऊ द्या.

शेवटी एकच विनंती. येत्या जूनमध्ये आपल्या शाळेच्या सहावीला एक जाड वही द्या. पहिल्या पानावर जागेचे नाव आणि तारीख लिहा. मार्चअखेर मुलांनी ती वही पुढच्या सहावीच्या हाती सोपवावी. दहा वर्षांनी दिघीच्या पावसाची, मातीची, पाखरांची आणि इंद्रायणीची दहा वर्षांची नोंद या गावापाशी असेल, आणि ती स्वतःच्या हाताने लिहिणारी दहा वर्गांची मुले या गावात नागरिक म्हणून वावरत असतील. एवढे काम आपल्या हातातले आहे. ते करू या.