मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. परंतु लेकीच्या बाळंतपणासाठी एकटीने न्यूयॉर्कला जाऊन आले, तेव्हा त्या प्रवासाचे चार शब्द सांगावेत असा आपणा सर्वांचा आग्रह पडला.

7 एप्रिल 1883 रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, त्या 4 जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. जवळजवळ दोन महिने! आज मुंबईहून न्यूयॉर्क हवाई मार्गाने सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, आणि थेट विमानाला लागतात सुमारे 16 तास.

हे 16 तास मला तिकिटावर दिसलेच नाहीत. मुंबईहून निघणे रात्री 2 वाजता, पोचणे सकाळी 8.30 ला, तारीख तीच. मी बोटे मोडून हिशेब केला, साडेसहा तास! तिकिटावर वेळा ज्या त्या गावच्या असतात, हे ध्यानात आले नाही. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या मागे. उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा.

ही चूक मला चांगलीच भोवली. मला मधुमेह. निघायच्या गडबडीत गोळी घेतली, जेवण मात्र धड झाले नाही. विमानात ताट आले तेही परत केले. म्हटले, सकाळी लेकीकडेच न्याहारी करू. जाग आली ती दरदरून घाम फुटून, हात थरथरत. शेजारच्या मुलीने हाक मारली, हवाई सुंदरीने फळांचा गोड रस पाजला, म्हणून निभावले. अजून निम्मी वाट उरली होती!

परत आल्यावर नातीचा पृथ्वीगोल घेतला नि मुंबई-न्यूयॉर्क दोरा ताणला. वाटले होते, तो सरळ पश्चिमेला जाईल. तो चढला उत्तरेला, थेट आइसलंडपर्यंत! गोल पृथ्वीवर जवळची वाट तीच. विमाने वारा पाहून, कुणा देशाने आपले आकाश बंद केले असल्यास वळसा घालून जातात. उंचावरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून येताना वेळ थोडा कमी लागतो.

तेव्हा भगिनींनो, तिकिटावर प्रवासाचे एकूण तास वेगळे छापलेले असतात, ते आधी वाचा. त्यात विमानतळावरचे तीन तास आणि घरापासूनची वाट मिळवा. औषधे हातातल्या पिशवीत ठेवा. ती किती तासांनी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारून कागदावर लिहा. जेवण नाकारू नका. पाणी प्या, अधूनमधून उठून चार पावले चाला.

आपल्यापैकी पुष्कळजणींची मुले दूरदेशी आहेत. जिला जायचे असेल तिने तिकीट घेऊन खुशाल माझ्याकडे यावे. दोघी मिळून तास मोजू. विचारायला लाजू नये. मी लाजले, म्हणून ही गोष्ट सांगावी लागली.