कुंडीतली माया

1976 साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध केला. तिथल्या आजीआजोबांना रोपं देऊ केली होती. एका मजल्यावर सांगितलं, ‘रोप तुम्हीच सांभाळा, रोजचे छोटे निर्णयही तुम्हीच घ्या.’ दुसऱ्या मजल्यावर रोपांना पाणी घालण्याचं काम परिचारिकांकडे होतं. 3 आठवड्यांनी रोप स्वतः सांभाळणारी मंडळी अधिक आनंदी आणि तरतरीत दिसली. काही निर्णय आणि जबाबदारी आपल्या हाती आहे, ही जाणीव उतारवयातही बळ देते.

अशी जबाबदारी घ्यायला आपल्या गॅलरीतल्या मनी प्लँटपासूनही सुरुवात करता येईल. पाणी घालण्याआधी बोट मातीत इंचभर खुपसा. बोटाला ओल लागली, तर त्या दिवशी पाणी नको. मुळांनाही हवा लागते. माती सतत चिंब राहिली की मुळं कुजतात. पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं हलकेच पुसा. या कामात घाई चालत नाही, म्हणून मनही आपोआप निवतं. समोरच्याची गरज आधी ओळखायची, मग द्यायचं, हा धडा घरातल्या माणसांशी वागतानाही उपयोगी पडतो.

मनी प्लँटची फांदी पेराखाली कापून पाण्यात ठेवा. काही आठवड्यांत मुळं फुटतील. मग ते रोप शेजारी एकट्या राहणाऱ्या काकूंना नेऊन द्या आणि अधूनमधून त्याची चौकशी करायला जात राहा. रोपाच्या निमित्तानं काकूंचीही विचारपूस होईल.