आपाच्या रिपोर्टमधला ‘आर’



दोन वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण, आमची आपा, न्हाणीत घसरून पडली. मांडीचे हाड मोडले. ऑपरेशन चांगले झाले. पण आठव्या दिवशी ताप भरला, टाक्यांतून पू येऊ लागला. तपासणीचा रिपोर्ट हाती आला. डावीकडे अँटिबायोटिक्सची नावे, उजवीकडे एकेक अक्षर. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडते. ‘आर’ म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. वरपासून खालपर्यंत मी ‘आर’च वाचत गेलो. यमक जुळले की कवीला आनंद होतो. या यमकाने पोटात गोळा आला.

जंतू होता क्लेब्सिएल्ला. एरवी तो आपल्या आतड्यात निमूट राहतो. रुग्णालयात मात्र जखमेतून, लघवीच्या नळीतून, व्हेंटिलेटरमधून आत शिरतो. औषधाच्या माऱ्यात दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. शिवाय प्रतिकाराचे जनुक ते दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देतात.

हे आजचे नाही. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २००९ साली कार्बापेनेम या जालीम औषधांनाही न जुमानणारे २४ जंतू तपासले. त्यांतल्या २२ जंतूंत ‘एनडीएम-१’ सापडले. हे विकर औषधाचा रेणूच तोडते. त्याच्या नावात ‘नवी दिल्ली’ असल्याने २०१० साली देशात मोठा वाद झाला. जंतूला त्या वादाचे सोयरसुतक नव्हते. २०१९ या एका वर्षात अशा प्रतिकारामुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

दोष कुणाला द्यायचा? सर्दी झाली की नालासोपाऱ्यात मीच दुकानदाराला म्हणत असे, ‘भाऊ, मागची ती कॅप्सूल द्या, तीन दिवसांची.’ सर्दी विषाणूंची. अँटिबायोटिकचा तिथे उपयोग नाही. हे मला माहीत नव्हते असे नाही. घाई होती. पाकिटावरची लाल उभी रेघ सांगते, ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.’ ती मी कधी वाचलीच नाही.

एकदा नमाज आटोपून मी थेट आपाकडे गेलो. नर्सबाईंनी हात धुवायला सांगितले. म्हटले, ‘आत्ताच वजू केलाय.’ त्या हसून म्हणाल्या, ‘चाचा, त्यानंतर रिक्षाचा दांडा धरलात, लिफ्टचं बटण दाबलंत. खाटेला हात लावण्याआधी पुन्हा धुवा. जाताना पुन्हा.’ खरेच होते. हे जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर बहुधा आपल्याच हातांनी जातात.

शेवटी कोलिस्टिन हे जुने औषध द्यावे लागले. मूत्रपिंडाला त्रासदायक म्हणून ते एके काळी मागे पडले होते. रोज रक्त तपासून डॉक्टर ते देत राहिले. सहा आठवड्यांनी आपा घरी आली. आता काठी घेऊन चालते.

मागच्या महिन्यात मला सर्दी झाली. चप्पल घालताना आपाने विचारले, ‘कुठं निघालास?’ मी चप्पल काढून ठेवली. तिने सुंठेचा काढा दिला. पाचव्या दिवशी सर्दी आपसूक गेली.